खड्डा गाडीला, चमक मणक्यात

मागच्या पावसाळ्यात बहात्तर वर्षांच्या मावशीला जुन्नरहून घोडेगावला सोडायला निघालो होतो. ती मागच्या सीटवर होती. अंधारात रंग उडालेला एक गतिरोधक दिसलाच नाही. गाडी उडाली, मागून ‘खट्’ आवाज आला आणि मावशी कळवळली. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये कमरेचा पहिला मणका पाचरीसारखा दबलेला दिसला. मागचे शॉकअब्सॉर्बर गळताहेत, हे मेकॅनिकने दोन महिने आधीच सांगितलं होतं. मी ‘बघू’ म्हणून टाळलं होतं.

सगळा दोष शॉकअब्सॉर्बरचा नाही. हाडं आधीच ठिसूळ झाली होती आणि वेग माझा होता. पण स्प्रिंग धक्का फक्त साठवते, नंतर उसळते. ती उसळी जिरवतं शॉकअब्सॉर्बरमधलं तेल. बारीक छिद्रांतून ढकललं जाताना ते तापतं आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत जाते. तेल गळालं की उरतं ते नुसतं नळकांडं. मग चाक रस्ता धरून राहत नाही, गाडी थांबायला जास्त अंतर लागतं आणि मागच्या चाकांजवळ बसलेल्याच्या पाठीला दणका बसतो. म्हणून म्हाताऱ्या माणसांना पुढे बसवावं, पट्टा लावून.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो पोचवणारे पिकअपवाले आणि भीमाशंकरच्या रस्त्यावरचे जीपचालक कंबर धरूनच ओपीडीत येतात. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला साधारण 4 ते 8 कंपनांना सर्वांत जास्त हलतं. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की झोका वाढतो, तसंच हे. गंमत म्हणजे रिकामी पिकअप भरलेल्यापेक्षा जास्त आदळते, कारण तिचे पाटे वजनासाठीच ताठ केलेले असतात. पाठ दुखते ती परतीच्या वाटेवर! एकाने तीन पट्टे बदलले होते. मी विचारलं, “दादा, पाट्याचे बुश कधी बदलले?” तो हसला. “डॉक्टरसाहेब, गाडी चालतीय की.”

माझी गाडी दुरुस्त होताना मी शेजारी उभा होतो. गळत एकच बाजू जास्त होती, तरी मेकॅनिकने जोडी बदलली. एक नवा, एक जुना असला तर गाडी वळणावर आणि ब्रेक लावताना दोन्हीकडे सारखी वागत नाही. पुढच्या आर्मचे रबरी बुशही फाटले होते. नवे बसवल्यावर त्याने बोल्ट आधी सैलच ठेवले, गाडी चाकांवर उतरवली आणि मग आवळले. लटकत्या गाडीत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी व्हील अलाइनमेंट.

पुढच्या शॉकअब्सॉर्बरवरची दाबलेली स्प्रिंग मात्र घरी सोडवायला जाऊ नका. ती सुटली तर बोटं, जबडा, डोळा काहीही जाऊ शकतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं त्याहून वाईट.

मावशीला पट्टा, कॅल्शियम आणि हाडं बळकट करणारी औषधं दिली. पाठदुखी उतरायला दोन-अडीच महिने लागले. अशा धक्क्यानंतर पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर मालिश करत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.