आवाज आधी पोहोचतो

पडद्यावर प्रथम दिसतात ते केवळ दोन हात. त्या हातांत बॉम्ब आहे. बोटे घड्याळाचा काटा फिरवतात आणि टिकटिक सुरू होते. हातांचा धनी धावत जाऊन छत उघडलेल्या एका मोटारीच्या डिकीत तो बॉम्ब ठेवतो व अंधारात नाहीसा होतो. पाठोपाठ एक गृहस्थ व त्याची मैत्रीण हसतखिदळत येऊन त्याच मोटारीत बसतात.

ऑर्सन वेल्स यांच्या १९५८ सालच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ या चित्रपटाचा हा प्रारंभ. स्थळ अमेरिका व मेक्सिको यांच्या सीमेवरील एक गाव. पुढील तीन मिनिटांहून अधिक काळ चित्र कोठेही तुटत नाही. क्रेनवरील कॅमेरा उंच चढतो, घरांच्या छपरांवरून पाहतो, पुन्हा रस्त्यावर उतरतो. मोटार गर्दीत अडते. शेजारून एक नवविवाहित जोडपे पायी चालले आहे. मोटार कधी त्यांच्या पुढे जाते, कधी मागे राहते, कधी चौकटीबाहेर नाहीशी होते. सीमेवरील चौकीजवळ सारेच एकत्र येतात. डोक्यात टिकटिक ऐकू येते, अशी मोटारीतील स्त्री तक्रार करते. पण तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

भय आणि उत्कंठा यांतील भेद आल्फ्रेड हिचकॉक अशाच उदाहरणाने समजावून देत. टेबलाखालचा बॉम्ब अकस्मात फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. परंतु बॉम्ब आहे हे त्याला आधीच ठाऊक असेल, तर टेबलाभोवतीच्या साध्या गप्पाही त्याला असह्य होतात. वेल्स यांनी याच तत्त्वाला अखंड चित्रणाची जोड दिली. दृश्य तुटले की मधला काळ गाळला गेला असे मन मानते आणि किंचित सैलावते. येथे ती सवलत नाही. पडद्यावरचा काळ आणि घड्याळाचा काळ एकच होतो.

मात्र या दृश्याचा अर्धा प्राण ध्वनीत होता, आणि नेमका तोच प्रथम हिरावला गेला. चित्रीकरणानंतर निर्मितिसंस्थेने संकलन वेल्स यांच्या हातून काढून घेतले. प्रारंभीच्या दृश्यावर श्रेयनामावली आली आणि हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत सलग वाजू लागले. संगीत उत्तमच होते. पण त्याखाली गावाचा आवाज दबून गेला. डिसेंबर १९५७ मध्ये वेल्स यांनी ५८ पानांचे टिपण लिहून आपले म्हणणे मांडले. रस्त्यावरून जाताना एकामागून एक येणाऱ्या मद्यालयांतील निरनिराळे वाद्यवृंद ऐकू यावेत, अशी त्यांची अपेक्षा होती. तिची पूर्तता त्या वेळी झाली नाही. १९८५ साली वेल्स निवर्तले.

पुढे १९९८ मध्ये वॉल्टर मर्च यांनी त्या टिपणाच्या आधारे चित्रपटाचे नव्याने संकलन केले. नामावली हटली, सलग संगीत गेले. आता दारादारांतून वेगवेगळे सूर येतात, पावले वाजतात, आणि मोटारीतील रेडिओ जवळ येतो, दूर जातो. मोटार दिसत नसतानाही ती कोठे आहे हे कानाला कळते. चित्र तेच, कॅमेरा तोच. तरीही प्रेक्षक आता पाहत बसत नाही, तो कानोसा घेऊ लागतो.

फ्रिट्झ लँग यांनी आपल्या पहिल्या बोलपटात, १९३१ सालच्या ‘एम’मध्ये, हाच धडा अधिक शांतपणे दिला होता. एक आई शाळेतून येणाऱ्या मुलीसाठी जेवणाची मांडामांड करून वाट पाहते. घड्याळ पुढे सरकते. तिची हाक रिकाम्या जिन्यात घुमते. पडद्यावर फक्त रिकामी थाळी, गवतात घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. हत्या दाखविलेली नाही. तरीही आईच्या हाकेला उत्तर येणार नाही, हे प्रेक्षक जाणतो.

घरी एखादा रहस्यपट लावला की पहिली पाच मिनिटे एकदा आवाज बंद करून पाहावीत, मग तीच डोळे मिटून ऐकावीत. छातीतील धडधड नेमकी कोठून सुरू होते, हे आपोआप उमगेल.