ऑपरेशन झाले, मैदान कधी?

यंदा १४ एप्रिलच्या जयंतीचे कबड्डी सामने जवळ आले आणि आमच्या मंडळाच्या बैठकीत एकच वाद पेटला. गुडघ्याच्या लिगामेंटचे ऑपरेशन झालेल्या आमच्या चढाईपटूला संघात घ्यायचे की नाही? ऑपरेशनला सहा महिने झाले होते. पोरगा म्हणत होता, "काका, आता अजिबात दुखत नाही. रोज सकाळी पळतो मी." पोलीस, रेल्वेत खेळाडूंची भरती होते, त्यासाठी खेळताना दिसायला हवे, हेही त्याच्या मनात. कोणी विनेश फोगटचा दाखला दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली, हे खरेच. पण तिच्या दिमतीला फिजिओथेरपिस्ट होता, आमच्या पोराच्या दिमतीला बेस्टची बस. तरीही आम्ही 'खेळू द्या' म्हणणाऱ्यांतच होतो, हे कबूल केले पाहिजे.

त्याची आई विहाराच्या दारात उभी होती. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. ती आत येऊन म्हणाली, "भाऊ, डॉक्टरांच्या कागदावर काय लिहिलंय, ते तुमच्यापैकी कुणी वाचलं का?"

कोणीच वाचले नव्हते. कागदावर फिजिओथेरपीच्या तारखा होत्या, पण दोन महिन्यांनंतर एकही शिक्का नव्हता. तिकडे जायचे म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. दुखणे थांबले, तसे जाणेही थांबले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही त्याच्याबरोबर पालिकेच्या रुग्णालयात गेलो. केईएम, नायर, शीव अशा मोठ्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत, पण ऑपरेशन झाले की उपचार संपले, असेच आपल्या घरांतून समजले जाते. तिथल्या बाईंनी समजावून सांगितले. नडगीचे हाड पुढे सरकू न देणारी दोरी गुडघ्यात असते, ती तुटली होती. डॉक्टरांनी मांडीच्या मागच्या स्नायूची शीर काढून, हाडांना भोके पाडून त्या जागी बसवली. ही शीर लगेच लिगामेंट होत नाही. तिच्यात नव्याने रक्तवाहिन्या याव्या लागतात, आणि त्या काळात, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, ती सर्वांत कमजोर असते. नेमके तेव्हाच दुखणे कमी झालेले असते. फसगत होते ती इथे. पुढे ती पक्की व्हायला वर्ष आणि त्याहूनही अधिक काळ लागतो.

१०६ रुग्णांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवला, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा धोका निम्म्याने उतरला. पण नुसते महिने मोजून भागत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद आणि एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के भरावी लागते. या चाचण्या पार न करता खेळलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली. पार केलेल्यांत हेच प्रमाण ६ टक्क्यांच्या आत होते.

बाईंनी लगेच टेप काढली. चांगल्या पायावर उडी १ मीटर ४० सेंटिमीटर. ऑपरेशनच्या पायावर १ मीटर ५. पोराचा चेहरा उतरला. रोज सकाळी पळणारा हा गडी जिन्यावरून उतरताना चांगल्याच पायावर भार टाकत होता, हे आम्हाला तेव्हा दिसले.

मुलींबाबत तर दुहेरी अन्याय. हे लिगामेंट तुटण्याचे प्रमाण त्यांच्यात मुलांपेक्षा जास्त, आणि ऑपरेशन झाले की "बास झाला खेळ" म्हणून घरचे दार लावून घेतात. मुलाला घाईने उतरवायचे आणि मुलीला कधीच नाही!

सामन्यांत तो गुणलेखकाच्या टेबलावर बसला. जयंती संपल्यावर व्यायाम पुन्हा सुरू झाले : खुर्चीतून एका पायावर उठणे, पायरीवरून सावकाश उतरणे, भिंतीला टेकून बसणे. आठवड्यातून एकदा रुग्णालय. बसभाडे मंडळ देते.

गेल्या शनिवारी नऊ महिने भरले. बाईंनी पुन्हा मोजले. १ मीटर २४. ९० टक्क्यांसाठी १ मीटर २६ लागते. स्नायूच्या ताकदीची चाचणी पुढच्या महिन्यात आहे. टेपचे एक टोक धरून त्याची आई खाली बसली होती. तिने आकडा पाहिला आणि म्हणाली, "अजून दोन बोटं."