साखरेची बिमारी आणि पेशींचे रोपण



आपण उसाचे कास्तकार. मधुमेहाला आपल्याकडे 'शुगर' म्हणतात, पण या बिमारीची खरी गोम इन्सुलिनमध्ये आहे. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यात पेशींचे सुमारे दहा लाख बारीक पुंजके विखुरलेले असतात. लँगरहान्स यांनी ते १८६९ साली दाखविले, म्हणून त्यांना 'लँगरहान्सची बेटे' म्हणतात. त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. लहान वयात होणाऱ्या मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणाच या पेशी मारून टाकते. अशा लेकराला रोज इन्सुलिन टोचावेच लागते.

मग पेशीच नव्याने लावता येतील काय? वावरात तूट पडली की आपण नवे बेणे लावतो, तसाच हा विचार. १९७२ साली अमेरिकेत बॅलिंजर व लेसी यांनी मधुमेही उंदरांत दुसऱ्या उंदरांची बेटे सोडली. उंदरांचा मधुमेह कमी झाला. बेटे काढायची म्हणजे स्वादुपिंड एका पाचक द्रव्याने सैल करायचे आणि त्यातून हे पुंजके वेगळे निवडायचे.

अडचण पुढे आहे. शिवारात परके ढोर शिरले की राखणदार हाकलतो, तसे शरीर परक्या पेशी मारते. ते थांबविणारी औषधे घेतली तर इतर रोगांशी लढण्याची ताकद कमी होते. म्हणून १९८० साली लिम व सन यांनी बेटांना समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या द्रव्याचे कवच दिले. कवचाची छिद्रे इतकी बारीक, की साखर आत जाते, इन्सुलिन बाहेर येते, पण मारेकरी पेशी आत शिरत नाहीत. कारखान्यातल्या गाळणीसारखेच म्हणा ना!

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे व सहकाऱ्यांनी बेटांना कवच देणे, ती गोठवून टिकविणे, तसेच नाळेतील मूळपेशींपासून बेटांसारखे पुंजके तयार करणे, यावर संशोधन केले.

माणसांत काय झाले? २००० साली कॅनडातील एडमंटन येथे सात रुग्णांचे इन्सुलिन सुटले. पण प्रत्येकाला एकाहून अधिक मृत दात्यांची बेटे लागली, आणि पुढे पाच वर्षांत तेथील बहुतेक रुग्णांना पुन्हा इन्सुलिन घ्यावे लागले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मूळपेशींपासून केलेल्या बेटांची पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० जणांना वर्षभरानंतर इन्सुलिन लागत नव्हते. मात्र परक्या पेशी टिकविणारी औषधे त्यांनाही घ्यावी लागली.

आता कामाची गोष्ट. उंदीर बरा झाला म्हणजे माणूस बरा झाला असे नाही. हे रोपण मुख्यतः बीटा पेशी नष्ट झालेल्या व साखर वारंवार धोक्याइतकी खाली जाणाऱ्या रुग्णांसाठी आहे. चाळिशीनंतर आपल्यापैकी पुष्कळांना होणारा मधुमेह वेगळा. त्याला आहार, चालणे-फिरणे, गोळ्या आणि गरज पडली तर इन्सुलिन, हाच मार्ग आहे. तेव्हा 'एका सुईत शुगर कायमची बंद' असे कोणी सांगत आले, तर उसाच्या बिलाचे पैसे त्याच्या हाती देऊ नका. आणि लेकराचे इन्सुलिन तर एक दिवसही बंद करू नका. त्यात जिवाला धोका आहे.