पाहुण्यांचे वाय-फाय, यजमानाचे नाव

खाबुरा : मस्कतहून सोहारकडे निघाले की बातिना किनाऱ्यावर सुवैकनंतर आणि सहमच्या अलीकडे खाबुरा लागते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला हजर पर्वतरांगा आणि मधल्या सपाटीवर खजुराच्या बागा. सोहारच्या बंदरात व औद्योगिक वसाहतीत काम करणारी काही मराठी मंडळी या पट्ट्यात राहतात. अशाच एका घरी गेल्या गणेशोत्सवात आरतीला जाण्याचा योग आला. तळमजल्यावर यजमानांचे छोटे कंत्राटी कार्यालय, वर बिऱ्हाड आणि दोन्हींसाठी इंटरनेटची एकच जोडणी. चाळीसएक पाहुणे जमले होते. कोणीतरी पासवर्ड विचारला, तेव्हा वहिनी सहज म्हणाल्या, "अहो, फ्रिजवर चिकटवलाय, सगळ्यांनी घ्या." सगळ्यांनी घेतला. प्रस्तुत लेखकानेही घेतला.

तीन दिवसांनी कार्यालयाची ईमेल परत येऊ लागली. एका निविदेचा दर कळविण्याची मुदत रविवारी दुपारी संपत होती. पत्र पाठविले गेले होते, पण पोहोचले नव्हते, आणि ते परत आल्याची सूचना सोमवारी वाचली गेली. कार्यालयाचा आयपी पत्ता काळ्या यादीत गेला होता, कारण त्या पत्त्यावरून शेकडो स्पॅम पत्रे बाहेर पडली होती. यजमानांनी त्यातले एकही लिहिले नव्हते. एका पाहुण्याच्या लॅपटॉपवर फुकट मिळालेली 'क्रॅक' केलेली प्रणाली होती आणि तिच्यासोबत आलेला एक छुपा प्रोग्रॅम त्या रात्रीपासून इमानेइतबारे आपले काम करीत होता. पाहुणा दोन दिवस मुक्कामाला होता.

निविदा गेली. पाहुण्याला काही बोलणे यजमानांच्या स्वभावात नव्हते. प्रश्न मात्र उरला : दार उघडे ठेवावे, पण घराचे नाव खराब होऊ नये, हे कसे साधावे?

एकाच पत्त्यामागे अनेक माणसे

घरातील वा कार्यालयातील प्रत्येक फोनला राउटर एक खासगी पत्ता देतो. बाहेरच्या जगाला मात्र ते खासगी पत्ते दिसत नाहीत. सर्व उपकरणांची वाहतूक एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यावरून बाहेर पडते. वाड्यात बिऱ्हाडे दहा असली, तरी टपालावर पत्ता वाड्याचाच असतो, तसा हा प्रकार. त्यामुळे एका बिऱ्हाडाने केलेला उपद्रव साऱ्या वाड्याच्या नावावर जमा होतो.

या उपद्रवाचे मूळ ईमेलच्या जन्मातच आहे. पत्रे एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नेणारा एसएमटीपी हा नियमसंच ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी शब्दबद्ध केला. त्या वेळी जाळ्यावरचे बहुतेक लोक एकमेकांना ओळखत असत, म्हणून पाठविणारा कोण याची खातरजमा करण्याची सोय त्यात नव्हती. वास्तविक धोक्याची घंटा त्याआधीच, ३ मे १९७८ रोजी, वाजली होती. त्या दिवशी संगणक विकणाऱ्या एका अमेरिकी कंपनीच्या विक्रेत्याने अर्पानेटवरील सुमारे चारशे लोकांना एकाच वेळी जाहिरात पाठविली. ती पहिली स्पॅम ईमेल मानली जाते.

सर्व्हर ते सर्व्हर हे टपाल ज्या दारातून जाते, त्याचा क्रमांक २५. सामान्य माणसाच्या फोनने किंवा लॅपटॉपने या दारातून थेट पत्र टाकण्याचे आज काहीही कारण नाही. त्याच्यासाठी डिसेंबर १९९८ मध्ये ५८७ क्रमांकाचे वेगळे दार ठरविले गेले. तेथे आधी नाव व पासवर्ड सांगावा लागतो, मगच पत्र स्वीकारले जाते. ४६५ हे दारही त्याच कामाचे आहे. ब्राउझरमधून ईमेल पाहणाऱ्यांची वाहतूक ४४३ मधून होते. बाधित लॅपटॉपमधील प्रोग्रॅमला मात्र २५ हेच दार सोयीचे, कारण तेथे ओळख विचारली जात नाही.

मुंबईने घेतलेला धडा

अनाहूत पत्र नेहमी निव्वळ जाहिरातच असते असे नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना एक धमकीची ईमेल पोहोचली होती. तिचा आयपी पत्ता नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराचा निघाला. पुढच्या दोन महिन्यांत अशाच आणखी दोन ईमेल आल्या. एकीचा माग माटुंग्यातील एका महाविद्यालयापर्यंत गेला, तर दिल्लीतील १३ सप्टेंबरच्या स्फोटांवेळी आलेल्या पत्राचा माग चेंबूरमधील एका कंपनीपर्यंत. तिन्ही ठिकाणी कोणीतरी बाहेरून येऊन त्या जागेचे वाय-फाय वापरले होते. पोलीस पहिल्यांदा पोहोचले ते मात्र ज्यांच्या नावावर जोडणी होती त्यांच्याच दारात. २००९ च्या आरंभी मुंबई पोलिसांनी उघडी वाय-फाय जाळी शोधण्याची मोहीमच हाती घेतली.

परदेशात राहणाऱ्यांनी हा प्रसंग विशेष लक्षात ठेवावा. ओमानमध्ये सायबर गुन्ह्यांसंबंधीचा कायदा २०११ पासून, शाही फर्मान १२/२०११ अन्वये, लागू आहे. इंटरनेटची जोडणी आपल्या निवासी ओळखपत्रावर घेतलेली असते, आणि निवासाचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो. चौकशीत निर्दोष ठरणे ही एक गोष्ट. चौकशी चालू असताना वरिष्ठांना तोंड देणे ही निराळी गोष्ट.

पाच उपाय

पहिला उपाय : पाहुण्यांसाठी वेगळे जाळे. आजच्या बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क'ची सोय असते. ती सुरू करावी आणि पाहुण्यांची उपकरणे एकमेकांना, तसेच घरच्या प्रिंटरला, कॅमेऱ्यांना व फायलींच्या साठ्याला दिसणार नाहीत अशी तजवीज करावी. एवढ्याने बाहेर जाणारा स्पॅम थांबत नाही. पण पुढचे सारे नियम केवळ पाहुण्यांना लावणे शक्य होते, आणि घरच्यांचे काम अडत नाही.

दुसरा उपाय : पाहुण्यांच्या जाळ्यावरून २५ क्रमांकाचे दार बाहेरच्या दिशेने बंद करणे. साऱ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक. ५८७, ४६५ व ४४३ उघडी ठेवावीत, म्हणजे कोणाही पाहुण्याची नेहमीची ईमेल अडणार नाही. येथे एक चूक वारंवार होते. नियम फक्त आयपीच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीसाठी लिहिला जातो आणि सहाव्या आवृत्तीची वाट मोकळी राहते. दोन्हींसाठी नियम लिहिला आहे, याची खात्री करून घ्यावी.

तिसरा उपाय : आपल्याच सर्व्हरचा अतिविश्वास कमी करणे. अनेक कार्यालयांत ईमेल सर्व्हर असा बसविलेला असतो, की आतल्या जाळ्यातून आलेले कोणतेही पत्र तो पासवर्ड न विचारता पुढे पाठवितो. स्कॅनरची सोय व्हावी म्हणून कधीकाळी केलेली ही व्यवस्था पाहुण्यालाही घरचा माणूस समजते. ती सवलत फक्त त्या स्कॅनरच्या पत्त्यापुरती ठेवावी. असाच धोका एसपीएफ नोंदीत दडलेला असतो. कोणकोणत्या आयपी पत्त्यांवरून आपल्या नावाची ईमेल खरी मानावी, हे ही नोंद जगाला सांगते. कार्यालयाचा आणि पाहुण्यांचा सार्वजनिक पत्ता एकच असेल, तर पाहुण्याच्या लॅपटॉपमधून कार्यालयाच्या नावाने निघालेले खोटे पत्रही या तपासणीत खरे ठरते. म्हणून शक्य असेल तेथे सेवापुरवठादाराकडून पाहुण्यांसाठी वेगळा सार्वजनिक पत्ता घ्यावा.

चौथा उपाय : कोण, केव्हा आले याची नोंद. सर्वांना एकच पासवर्ड देण्याऐवजी मुदतीचे, प्रत्येकाचे स्वतंत्र कूपन देता येते. पाहुणा गेला की त्याची मुदतही संपते. उपकरणाच्या हार्डवेअर पत्त्यावर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नये. २०१९ मधील अँड्रॉइड १० आणि २०२० मधील आयओएस १४ पासून फोन प्रत्येक जाळ्याला आपला वेगळा, बनावट हार्डवेअर पत्ता दाखवितात. राउटरच्या नोंदीत वेळ, खासगी पत्ता आणि पोर्ट क्रमांक असावेत, आणि त्याचे घड्याळ अचूक असावे. तक्रार बहुधा जागतिक प्रमाणवेळेत येते. ओमानचे घड्याळ तिच्या चार तास पुढे, भारताचे साडेपाच तास पुढे. हा फरक विसरल्यास आळ भलत्याच पाहुण्यावर येतो.

पाचवा उपाय : वेगाला लगाम आणि धोक्याची सूचना. एका उपकरणाने मिनिटाला किती नव्या जोडण्या उघडाव्यात याला मर्यादा घालता येते. त्याहूनही उपयोगी गोष्ट म्हणजे बंद केलेल्या २५ क्रमांकाच्या दारावर कोण धडका मारीत आहे हे पाहणे. निरोगी फोन तेथे सहसा फिरकत नाही. एखादे उपकरण तासाभरात शेकडो वेळा तेथे ठोठावत असेल, तर ते आजारी आहे हे मालकाला कळविणे उपकाराचेच ठरते.

काळ्या यादीत नाव गेल्यावर

स्पॅमहाउस ही १९९८ मध्ये सुरू झालेली संस्था अशा याद्या ठेवणाऱ्यांत सर्वाधिक परिचित आहे. नाव यादीत दिसले की घाबरून लगेच ते काढण्याचा अर्ज करू नये. आधी दोषी उपकरण शोधून जाळ्याबाहेर काढावे, दार बंद करावे, मगच अर्ज करावा. अन्यथा काढलेले नाव काही तासांत पुन्हा यादीत जाते. नाव काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितल्यास ते देऊ नयेत. स्पॅमहाउस त्यासाठी शुल्क घेत नाही.

त्यांची एक यादी दोषाची नसते, हेही ध्यानात घ्यावे. घरगुती जोडण्यांचे पत्ते 'येथून थेट टपाल निघणे अपेक्षित नाही' एवढ्याच अर्थाने तीत नोंदलेले असतात. घरच्या जोडणीवर स्वतःचा ईमेल सर्व्हर चालविणाऱ्याने त्यावर भांडण्यापेक्षा आपली पत्रे सेवापुरवठादाराच्या सर्व्हरमार्फत पाठवावीत.

आपली ईमेल गूगल वा मायक्रोसॉफ्टसारख्यांकडे असेल, तर पत्रे बहुधा परत येणार नाहीत, कारण ती त्यांच्या पत्त्यावरून निघतात. तरीही सेवापुरवठादाराची ताकीद, जोडणी तात्पुरती तोडली जाणे, संकेतस्थळांनी वारंवार 'तुम्ही मनुष्य आहात का' असे विचारणे, हे भोग टळत नाहीत.

या उपायांची मर्यादा

चोरलेल्या पासवर्डने ५८७ मधून किंवा ब्राउझरमधून पाठविलेला स्पॅम वरील भिंतींनी अडत नाही. तो अडविणे मुख्यतः ईमेल सेवा देणाऱ्यांच्या हाती असते. म्हणूनच जीमेलच्या मोफत खात्यावर दिवसाला पाचशे जणांची मर्यादा आहे. आपल्या हाती आहे ते आपल्या दारापुरते.

दुसरी मर्यादा नीतीची आहे. नोंद ठेवणे म्हणजे पाहुण्याचे पत्र उघडून वाचणे नव्हे. कोणत्या उपकरणाने केव्हा, कोठे जोडणी केली एवढेच ठेवावे, आणि तसे पाहुण्यांना आधी सांगावे. ओमानचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १३ फेब्रुवारी २०२३ पासून अमलात आला आहे. ज्यांची कार्यालये पुण्या-मुंबईतही आहेत त्यांनी हेही लक्षात ठेवावे, की भारतात 'सर्ट-इन'च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांना १८० दिवसांच्या नोंदी जपाव्या लागतात. दोन्ही देशांतील कर्तव्ये सारखी नाहीत. व्यवसाय करणाऱ्याने याबाबत स्थानिक सल्ला घ्यावा.

फलजाचा नियम

ओमानमध्ये पाणी वाटून घेण्याची फलज नावाची प्राचीन पद्धत आहे. अशा पाच फलजांना २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. डोंगरातून आणलेला हा पाट वस्तीत शिरतो, तेथे सर्वांत आधी पिण्याचे पाणी भरण्याची जागा असते. अंघोळ व धुणे त्याच्या खालच्या अंगाला आणि बागा त्याहून पुढे. वाटसरूला पाणी नाकारले जात नाही. त्याने ते कोठे प्यावे आणि पाय कोठे धुवावेत, एवढेच ठरलेले असते.

खाबुऱ्याच्या यजमानांनी अखेर तेच केले. फ्रिजवर आजही चिठ्ठी आहे, पण ती पाहुण्यांच्या जाळ्याची, आणि तिच्यावरचा पासवर्ड दर महिन्याला बदलतो. खाली वहिनींच्या अक्षरात एक ओळ आहे : "या जाळ्यावर कोणाची पत्रे वाचली जात नाहीत, वेळेची नोंद मात्र राहते." त्यांच्या घरी परवा पुन्हा जाणे झाले. कहवा आणि खजूर पुढे आले, पाठोपाठ चिठ्ठीही. पाहुणचारात काही उणे झाल्याचे कोणाला जाणवले नाही.

गेलेली निविदा परत आली नाही. मात्र तो नियम लिहायला किती वेळ लागला, असे विचारल्यावर यजमान म्हणाले, "वीस मिनिटं. आरती त्याहून जास्त वेळ चालली होती."