जपानी शाळेतलं टाचण आणि आपले समज

जपानला जाऊन इंग्रजी शिकवायचं म्हटलं, की नाशिकमध्ये नुकतंच बी.एड. झालेल्या उमेदवाराच्या डोळ्यांपुढे एक चित्र येतं: हातात खडू, समोर शिस्तीत बसलेली मुलं आणि आख्खा तास आपला. तास आपला नसतो. जपान सरकारची ‘जेट’ योजना १९८७ पासून चालू आहे. तिच्यातून किंवा खासगी कंपन्यांमार्फत परदेशी माणूस शाळेत जातो तो सहायक भाषाशिक्षक म्हणून. अध्यापनाचा परवाना, गुण आणि वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षकाकडे राहते. म्हणूनच ‘जेट’मधल्या सहायकाला कोणत्याही विषयाची पदवी चालते, बी.एड. लागत नाही आणि जपानी यायलाच हवं अशीही अट नाही.

मग टाचण काढायचं कामच नाही, असा दुसऱ्या टोकाचा समज होतो. तोही खोटा. माध्यमिक शाळेत इंग्रजीचा जपानी शिक्षक असतो, पण प्राथमिक शाळेत अनेक ठिकाणी वर्गशिक्षकच इंग्रजी घेतो आणि त्याला स्वतःच्या इंग्रजीचा धीर नसतो. अशा वर्गात तासाची आखणी अलगद सहायकाच्या गळ्यात येऊन पडते.

पाचवीचा तास घ्या, ४५ मिनिटांचा. विषय: हॉटेलात खाणं मागवणं. अभिवादन आणि उजळणी पाच मिनिटं. मग वर्गशिक्षक आजचं उद्दिष्ट फळ्यावर चौकटीत लिहितो, त्याला ‘मेआते’ म्हणतात. पदार्थांची चित्रकार्डं दहा मिनिटं. नंतर दोघा शिक्षकांचा छोटा संवाद: एक वेटर, एक गिऱ्हाईक, ‘व्हॉट वुड यू लाइक?’ इथे सहायकाने बोलायचं कमी, ऐकवायचं नीट. मग पंधरा-वीस मिनिटं मुलं जोडीजोडीने तेच करतात आणि शेवटी आज काय जमलं ते स्वतःच्या कार्डावर लिहितात. कागदावर मिनिटांचा रकाना, मुलांच्या कृतीचा रकाना आणि वर्गशिक्षक व सहायक यांचे दोन वेगळे रकाने. नवखा सहायक आपला रकाना खेळांनी गच्च भरतो. माझ्या मते त्यातला निम्मा मजकूर खोडता आला, तरच तो तास वेळेत संपतो. असं सविस्तर टाचण रोज कुणी लिहीत नाही, ते निरीक्षणाच्या पाठाला. रोजचं काम अर्ध्या कागदावर आणि दोन तासांच्या मधल्या पाच-दहा मिनिटांत उभ्या उभ्या ठरतं.

हा आराखडा नाशिकच्या शिक्षकाला अनोळखी वाटू नये. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन या आपल्या पाठाच्या पायऱ्या हर्बार्ट या जर्मन विचारवंताच्या अनुयायांकडून आल्या. त्याच परंपरेतला हाउसक्नेख्ट हा प्राध्यापक १८८७ साली तोक्योच्या विद्यापीठात शिकवायला गेला होता.

‘जपानी मुलं आपल्यापुढे असणार’ हेही इंग्रजीपुरतं डोक्यातून काढावं. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. जपानमध्ये तिसरी-चौथीला वर्षाला ३५ आणि पाचवी-सहावीला ७० तास सर्वत्र लागू झाले ते २०२० च्या एप्रिलपासून. तिसरीचं मूल आठवड्यातून एकदाच इंग्रजी ऐकतं. त्यामुळे मागच्या आठवड्याची उजळणी हा टाचणाचा कणाच असतो.

आता वेळापत्रक. जपानी गाडी सेकंदावर सुटते म्हणून शाळेचं वेळापत्रकही वर्षभर हलत नसेल, हा समज पहिल्या महिन्यातच गळून पडतो. क्रीडामहोत्सवाची तालीम लागली की तास रद्द. शिक्षकांची बैठक असली की सगळे तास पाच मिनिटांनी आखडतात. सत्र परीक्षेच्या दिवसांत सहायकाला वर्गच नसतो, तो टेबलाशी बसून कार्डं कापतो. त्यात एका सहायकाकडे अनेकदा दोन-तीन शाळा असतात. म्हणून पंचेचाळीस मिनिटांचं टाचण चाळीसमध्ये कसं बसेल, हे आधीच पेन्सिलीने लिहून ठेवलेलं बरं.

आणखी एक गोम. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, पण ‘जेट’चे बहुतेक सहायक जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये पोचतात. वार्षिक नियोजन कधीच ठरलेलं असतं. ते बदलायला न जाता, कोणता घटक कधी येतो एवढं आधी विचारून घ्यावं. उन्हाळी सुट्टी मुलांना असते. ‘जेट’च्या सहायकाला त्या काळातही कामावर यावं लागतं. कंपनीमार्फत गेलेल्याचा ऑगस्टचा पगार मात्र कापला जाऊ शकतो.

कंपनीचा करार सही करण्याआधी वाचायलाच हवा. शिक्षण मंडळाने काम कंपनीला ठेक्याने दिलं असेल, तर शाळेतला शिक्षक सहायकाला थेट सूचना देऊ शकत नाही. कायद्यानेच. म्हणजे एकाच वर्गात उभे असलेले दोघे तासाच्या मध्यात एकमेकांशी जुळवून घेऊ शकत नाहीत आणि अख्खी आखणी सहायकावर येते.

सगळ्यात महागात पडणारा समज पात्रतेचा. शाळेत परकीय भाषा शिकवण्यासाठी जो निवासाचा परवाना मिळतो, त्याच्या निकषात त्या भाषेतून किमान बारा वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. मराठी माध्यमातून दहावी करून पुढे इंग्रजीतून पदवी घेतलेल्याची वर्षं इथे भरत नाहीत, इंग्रजी कितीही फर्डं असो. शिकवणीवर पैसे घालवण्याआधी ही वर्षं बोटांवर मोजावीत. वर्षं भरत असतील तर शाळा-कॉलेजातून माध्यमाचा दाखला आत्ताच काढून ठेवावा.