स्कॅनच्या आधीचा निर्णय

मेंदूभोवतीचा रक्तस्राव मिनिटभरात ओळखणाऱ्या ‘सेरेबो’ या हातात धरायच्या उपकरणाची बातमी २०२५ मध्ये गाजली. आयसीएमआर, भोपाळचं एम्स, बंगळुरूची निम्हान्स आणि बायोस्कॅन रिसर्च यांनी ते मिळून विकसित केलं. त्याची खरी कसोटी मात्र रायगड जिल्ह्यातल्या खालापूर-कर्जतसारख्या तालुक्यांत लागेल. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे तिथल्याच बोरघाटात शिंगरोबा मंदिराजवळ खासगी बस दरीत कोसळली आणि १३ जणांचा जीव गेला. अशा अपघातात डोक्याला मार लागलेले बरेच असतात. कवटीच्या आत कुणाचं रक्त साचतंय, हे वरून कळत नाही. नीट बोलणारा जखमीही काही तासांत बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून कुणाला आधी आणि कुठे हलवायचं, हा निर्णय सिटी स्कॅनइतकाच मोलाचा आहे.

वेळेची किंमत जुन्या आकड्यांतूनही दिसते. तीव्र सबड्युरल, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखालच्या, रक्तस्रावाने बेशुद्ध झालेल्यांवरचा एक अमेरिकी अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. चार तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण ३० टक्के होतं, उशीर झालेल्यांत ९०. उपचार तेव्हापासून सुधारले, पण साचणारं रक्त मेंदू दाबतं हे बदललेलं नाही. १९७१ मध्ये अभियंता हाउन्सफिल्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र घेतलं, तेव्हापासून सिटी स्कॅन वेगवान आणि सुस्पष्ट होत गेला. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीने डोक्याचे सिटी स्कॅन संगणकाकडून वाचून घेण्याचं काम २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. ही सगळी प्रगती रुग्ण यंत्राखाली पोहोचल्यानंतर कामी येते. घाटात आणि वाड्यांवर प्रश्न त्याआधीचा असतो. १९ जुलै २०२३ ला दरड कोसळल्यानंतर खालापूरमधल्या इर्शाळवाडीला बचावपथकं पायवाटेनेच चढली; तिथे यंत्र न्यायचं तर ते पिशवीत मावणारंच हवं.

सेरेबो अवरक्ताजवळचा प्रकाश कवटीतून आत सोडतं. हिमोग्लोबिन तो शोषतं; साचलेल्या रक्ताच्या बाजूला शोषण वाढतं आणि दोन्ही बाजूंची तुलना केली की फरक उमटतो. मर्यादाही इथेच आहे. हा प्रकाश फार खोल जात नाही. त्यामुळे खोलवरचा, अगदी थोडा किंवा दोन्ही बाजूंना सारखा असलेला रक्तस्राव निसटू शकतो. म्हणूनच काही डॉक्टरांना खोट्या दिलाशाची भीती वाटेल, आणि ती रास्त आहे. तिच्यावर उपाय नियमाचा आहे: उपकरणाने ‘आहे’ म्हटलं तर रुग्ण थेट न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात जावा, ‘नाही’ म्हटलं तरी लक्षणं पाहून स्कॅन व्हावाच. नकारावर कुणालाही घरी पाठवू नये.

दुसरा आक्षेप असा, की हा पैसा सिटी स्कॅनवरच का खर्चू नये? स्कॅन हवाच, पण तो चालवायला तंत्रज्ञ, वाचायला रेडिओलॉजिस्ट आणि पुढे शस्त्रक्रियेची सोय लागते. ती साखळी उभी राहीपर्यंत १०८ च्या रुग्णवाहिकेतला डॉक्टर अंदाजावर का अवलंबून राहावा? घाटमार्गावरच्या रुग्णवाहिकांत आणि कर्जत-खालापूरच्या सरकारी रुग्णालयांत हे उपकरण आधी द्यावं आणि प्रत्येक निकाल नंतरच्या स्कॅनशी ताडून जाहीर करावा. मोठ्या शहरात स्कॅन जवळच असतो. या उपकरणाची गरज स्कॅन लांब असलेल्यांना अधिक आहे, आणि पहिला हक्कही त्यांचाच आहे.