लावली १६ जीबी, दिसते ८!
घरी जोडलेल्या संगणकात रॅम कमी दिसली, तर आधी बायोस उघडा. तिथे पूर्ण आकडा असेल तर दोष विंडोजकडे: घरगुती ३२-बिट आवृत्ती ४ जीबीपुढे जात नाही, किंवा एमएसकॉन्फिगमध्ये ‘मॅक्झिमम मेमरी’वर खूण राहिलेली असते. बायोसमध्येही कमीच असेल, तर प्लग काढून पट्ट्या खटका वाजेपर्यंत पुन्हा बसवा. मग एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये तपासा, आणि चालणारी पट्टी प्रत्येक स्लॉटमध्ये. स्लॉटच मेलेला वाटला तरी घाई नको. प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी केसाएवढी पिन वाकलेली असते, किंवा कूलर एका बाजूने जास्त आवळलेला असतो. तेवढ्यानेही अख्खा मेमरी चॅनल गप्प होतो. कूलरचे स्क्रू सैल करून समोरासमोरचे थोडेथोडे आवळा. नवा मदरबोर्ड घेण्याआधी हे करून पाहाच.